सुट्या भागांची मैसूरची पोथी

आज संकेतस्थळं घडवणारे बटणं, चौकटी, मेनू असे सुटे भाग एकदाच नीट बनवून संग्रहात ठेवतात, म्हणजे पुढच्याला ते पुन्हा घडवावे लागत नाहीत. ही कल्पना संगणकाने जन्माला घातली असं मला वाटत नाही. मैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वाडियार (१७९४–१८६८) यांच्या आश्रयाने तिथल्या राजवाड्यात सिद्ध झालेला ‘श्रीतत्त्वनिधि’ हा ग्रंथ पाहा. शक्तिनिधीपासून कौतुकनिधीपर्यंत नऊ निधी, म्हणजे नऊ भाग. प्रत्येक देवतेचा वर्ण, हात, आयुधं, वाहन ध्यानश्लोकात सांगितलेलं आणि शेजारी चित्र. कौतुकनिधीत तर १२२ योगासनंही आहेत.

असे साचे कलावंताला जखडतात, हा आक्षेप गंभीर आहे. पण श्लोक फक्त ओळख ठरवतो. चेहऱ्यावरचा भाव, वस्त्राची चुणी, रेषेचा जोर चितारी स्वतःच आणतो. माझ्या मते खरी उणीव दुसरीच होती: राजवाड्यातली सचित्र पोथी किती चिताऱ्यांच्या हाती पडणार? मुंबईत खेमराज श्रीकृष्णदास यांच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्याने तिची देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे हा संग्रह राजवाड्याबाहेरच्या वाचकालाही उघडता आला.