तांबड्या पाण्याचे दप्तर

सन १८२३ मध्ये सिनाईच्या किनाऱ्यावरील तूर येथील उपसागर रक्तवर्ण झालेला पाहून जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग याने त्या पाण्यातील सूक्ष्म तंतूंच्या जुड्या सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळल्या, आणि १८३० मध्ये त्यांस ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम हे नाव देऊन शास्त्राच्या दप्तरी त्यांची रीतसर नोंद केली. फायकोएरिथ्रिन या तांबड्या रंगद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाश टिपणारा हा जिवाणू हवेतील नत्राचे स्थिरीकरण करून निःसत्त्व उष्ण सागरांचे पोषण करतो, ही गोष्ट १९६१ साली ड्यूगडेल व त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनीही अरबी समुद्रातील त्याच्या बहराचा अभ्यास केला.

पुढे उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यानजीक मिळालेल्या आयएमएस१०१ या वाणाच्या जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा सुमारे ७७ लाख आधारजोड्यांच्या त्या दस्तऐवजात प्रथिने घडविण्याचा मजकूर जेमतेम ६० टक्के निघाला. मुक्त जगणाऱ्या अन्य जिवाणूंत हेच प्रमाण बहुधा ८५ टक्क्यांच्या आसपास असते. जेथे अन्नाची कायम ददात, तेथे या जीवाने एवढा अबोल वारसा पिढ्यानपिढ्या का जतन करावा, याचा तपास अगत्याने व्हावयास हवा. कारण उष्ण सागरांतील नत्राचा फार मोठा हिशेब याच जीवाच्या हाती आहे.