पडशी आणि तांब्या

ज्येष्ठ लागला की आमच्या नाशकातल्या घरी आजीची पडशी खुंटीवरून खाली येई. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून सिन्नर, नगर (आताचे अहिल्यानगर), करमाळा करीत पंढरपूर गाठते. वाट सुमारे साडेचारशे किलोमीटरांची. तेवढ्यासाठी आजी घेई काय? दोन लुगडी, घोंगडी, दुधात मळलेल्या दशम्या, तिळाची चटणी, गूळ आणि दोरी बांधलेला एक तांब्या.

“आजी, एवढंसं पाणी पुरतं का गं?”

“अरे, पाणी का पाठीवर न्यायचं असतं? दोरी तेवढी लांब हवी!”

तिच्या बोलण्यात इतिहास होता. सिन्नरपुढचा मुलूख अवर्षणाचा. तिथे वाटसरूची सारी भिस्त विहिरी-बारवांवर. नगरकडच्याच चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या राज्यकाळात ठिकठिकाणी विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या. वारकऱ्याची पडशी हलकी राहिली ती अशा हातांमुळे.

आता दिंडीबरोबर टँकर चालतो. ती दोरी मात्र मी जपली आहे. गेल्या वारीत वाटेवरच्या एका जुन्या बारवेत सोडून पाहिली. पुरी सोडली, तरी तांब्या कोरडाच वर आला. दोरी तीच होती; पाणीच खाली गेले होते.