हॉट रॉड, एकआसनी

भंगारात निघालेल्या जुन्या मोटारगाड्यांचे भाग जोडून, एंजिनाची शक्ती वाढवून आणि अनावश्यक वजन काढून टाकून घरगुती कार्यशाळेत तयार केलेल्या वेगवान मोटारीस हॉट रॉड म्हणतात. तिचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात, मुख्यतः लॉस अँजेल्स शहराच्या परिसरात, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात झाला. ‘हॉट रॉड’ ही संज्ञा मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रूढ झाली. बहुतेक हॉट रॉड दोन आसनांच्या उघड्या गाड्यांपासून बनविलेल्या असत व त्या रस्त्यावरही चालत. केवळ चालकापुरतीच जागा असलेली आणि फक्त वेगाच्या चाचणीसाठी बांधलेली मोटार हा या प्रकाराचा सर्वांत टोकाचा आविष्कार होय. लढाऊ विमानाच्या जादा इंधनटाकीच्या कवचात बसविलेली ‘लेकस्टर’ मोटार हे तिचे नमुनेदार उदाहरण असून प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने तिच्या इतिहासाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : टाकाऊ भागांतून मोटार बांधण्यास भंगार विपुल असावे लागते, तसेच त्यातील भाग एकमेकांस जुळणारेही असावे लागतात. या दोन्ही अटी फोर्ड कंपनीच्या घाऊक उत्पादनाने पूर्ण केल्या. ‘मॉडेल टी’ या गाडीचे १९०८–२७ या काळात दीड कोटींहून अधिक नग तयार झाले. त्यानंतर ‘मॉडेल ए’ (१९२८–३१) आणि १९३२ मध्ये आठ सिलिंडरांचे व्ही-आकारी एंजिन असलेली गाडी बाजारात आली. १९४८ पर्यंत फोर्ड गाड्यांमध्ये आडव्या पाटा कमानी व त्यांना अनुरूप असे आस कायम राहिले. त्यामुळे एका वर्षाच्या गाडीचा पुढचा आस, दुसऱ्या वर्षाची दंतचक्रपेटी आणि तिसऱ्या वर्षाचे ब्रेक किरकोळ फेरफार करून एकत्र बसविता येत. १९३९ पासून फोर्ड गाड्यांना आलेले द्रवीय ब्रेक जुन्या आसांवर चढविणे ही तर सर्वसामान्य गोष्ट झाली होती.

१९३२ चे व्ही-आठ एंजिन या कारागिरांना वरदानच ठरले. सु. ३,६२० घ. सेंमी. धारणेचे हे एंजिन ६५ अश्वशक्ती देई. त्याचे आठही सिलिंडर एकाच ओतीव लोखंडी ठोकळ्यात ओतलेले असल्याने ते स्वस्त पडे आणि अपघातात सापडलेल्या गाड्यांतून ते अल्प किंमतीत मिळे. १९३९ मध्ये मर्क्युरी गाडीसाठी त्याची सु. ३,९१० घ. सेंमी.ची, ९५ अश्वशक्तीची आवृत्ती निघाली. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेमुळे तेथील भंगार गंजत नसे, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

कोरडी सरोवरे : लॉस अँजेल्सच्या उत्तरेस व ईशान्येस पसरलेल्या मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज, रोझमंड, हार्पर इ. कोरडी सरोवरे आहेत. हिवाळ्यातील पावसाचे पाणी आटून गेल्यावर त्यांच्या तळाची चिकणमाती कठीण व सपाट होते आणि कित्येक किमी. लांबीची निसर्गनिर्मित धावपट्टी तयार होते. १९३० नंतरच्या दशकात येथे वेगाच्या चाचण्या होऊ लागल्या. प्रारंभी अनेक गाड्या एका रांगेत सोडल्या जात. पुढील गाड्यांनी उडविलेल्या धुळीमुळे मागील चालकांस काहीही दिसत नसे, त्यामुळे टकरी होऊन काहींना प्राण गमवावे लागले. या अव्यवस्थेस आळा घालण्यासाठी निरनिराळ्या मंडळांनी (क्लबांनी) १९३७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. गाड्यांचे वर्गीकरण, वेगाचे अचूक मापन आणि पुढे एका वेळी एकच गाडी सोडण्याची पद्धत ही या संस्थेची महत्त्वाची कामगिरी होय. तिच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्या पहिल्या महिला चालक व्हेडा ऑर यांनी युद्धकाळात संस्थेचे वार्तापत्र संपादित करून ते सैन्यात गेलेल्या सभासदांपर्यंत पोहोचविले. युद्धकाळात चाचण्या बंद होत्या, तरी हे लोक परस्परांच्या संपर्कात राहिले, याचे बरेचसे श्रेय या वार्तापत्रास द्यावे लागेल.

इंधनटाकीची मोटार : वेगवान मोटारीचा मुख्य शत्रू हवेचा रोध हा आहे. वेग दुप्पट झाला, तर हा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजेच ताशी १६० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीस ताशी ३२० किमी. वेग गाठावयाचा असेल, तर केवळ एंजिनाची शक्ती वाढवून भागत नाही. तुटपुंज्या पैशांत काम करणाऱ्या कारागिरास गाडीचा हवेला सामोरा येणारा पृष्ठभाग लहान करणे आणि तिला प्रवाहरेखित आकार देणे हाच मार्ग परवडणारा होता. परंतु असा आकार हाताने ठोकून काढणे अत्यंत कौशल्याचे व खर्चाचे काम होते.

हा प्रश्न महायुद्धाच्या शिलकी मालाने सोडविला. दूरवर जाणाऱ्या लढाऊ विमानांना पंखांखाली वा पोटाखाली अश्रूच्या थेंबासारख्या आकाराच्या जादा इंधनटाक्या जोडीत व त्यांतील इंधन संपल्यावर त्या खाली टाकून देत. पॅसिफिक महासागरातील युद्धक्षेत्रात काम केलेल्या बिल बर्क यांच्या लक्षात या टाक्यांची उपयुक्तता आली. युद्ध संपल्यावर शिलकी मालात अशा टाक्या नाममात्र किंमतीत मिळू लागल्या. १९४६ मध्ये बर्क यांनी सु. १६५ गॅलन (सु. ६२५ लि.) धारणेच्या टाकीत फोर्ड भाग बसवून पहिली मोटार तयार केली व ताशी सु. २१० किमी. वेग गाठला. या गाडीत एंजिन पुढे होते व अरुंद जागेमुळे चालकास त्याच्यामागे बराच उंच बसावे लागे. साहजिकच त्याचे शरीर हवेच्या प्रवाहात येई. यानंतर बर्क यांनी लॉकहीड पी-३८ विमानाची, ३०० गॅलनांहून (सु. १,१३५ लि.) अधिक धारणेची मोठी टाकी निवडली. तिच्यात चालकाला पुढे आणि एंजिन मागे बसविता आले. हीच मांडणी पुढे सर्वमान्य झाली. चाके कवचाबाहेर उघडी असणाऱ्या या वर्गास ‘लेकस्टर’ व चाकेही झाकलेल्या वर्गास ‘स्ट्रीमलायनर’ असे नाव मिळाले.

बांधणी : टाकी दोन अर्ध्या कवचांची असल्याने वरचे कवच उचलून आत काम करणे सोपे जाई. तिच्या रुंदीत मावेल असा अरुंद सांगाडा (चॅसी) जुन्या गाडीच्या चौकटीचे लोखंडी पट्टे कापून किंवा पोलादी नळ्या वितळजोडाने (वेल्डिंगने) जोडून बनवीत. पुढचा आस व सुकाणूची जोडणी फोर्ड गाड्यांतून घेतलेली असे. मागचा आस पुष्कळदा कमानींशिवाय थेट सांगाड्यास घट्ट बसवीत. सपाट तळावर सरळ रेषेत धावावयाचे असल्याने ही तडजोड चालत असे. धाव काही मिनिटांचीच असल्याने उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर काढून त्याऐवजी आत पाण्याची एक टाकी बसवीत. त्यामुळे गाडीच्या नाकाला हवेसाठी भोक पाडावे लागत नसे. गाडीस आरंभक (स्टार्टर) नसे, ती दुसऱ्या गाडीने मागून ढकलून सुरू करीत.

खरे कौशल्य एंजिनात लागे. फोर्ड व्ही-आठ एंजिनाच्या झडपा सिलिंडरांच्या बाजूस ठोकळ्यातच असतात व निष्कास वायूचे (धुराचे) मार्ग शीतक पाण्याच्या आवरणातून जातात. प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांसाठी बाहेर पडण्याचे मार्ग तीनच असतात, कारण मधले दोन सिलिंडर एकच मार्ग वापरतात. यामुळे ठोकळा अतिशय तापतो व त्यास तडे जातात. म्हणून भंगारातून आणलेला ठोकळा तडा नसल्याची खात्री करूनच कामास घेत. नंतर सिलिंडरांचा व्यास वाढविणे, अधिक धावेचा भुजादंड (क्रँकशाफ्ट) घालणे, झडपांचे मार्ग मोठे व गुळगुळीत करणे, संपीडन गुणोत्तर वाढविणारी ॲल्युमिनियमाची शीर्षे बसविणे, झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅम दंड घालणे आणि एकाऐवजी दोन, तीन किंवा चार कार्ब्युरेटर लावणे, अशा क्रमाने शक्ती वाढवीत. यांपैकी कॅम दंड व कार्ब्युरेटर यांच्या अभ्यासात एड विनफील्ड यांनी, तर अंतर्ग्रहण नळ्यांच्या रचनेत व्हिक एडलब्रॉक यांनी विशेष कार्य केले. स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी कार्ब्युरेटर वगळून इंधन थेट फवारणारी योजना तयार केली. त्यांची गाडी १९४८ मध्ये कोरड्या सरोवरावर ताशी १५० मैलांची (सु. २४१ किमी.) मर्यादा ओलांडणारी पहिली हॉट रॉड ठरली. या संशोधकांपैकी बहुतेकांनी आपले ज्ञान प्रत्यक्ष कामातूनच मिळविले होते. तसेच लॉस अँजेल्स परिसरातील विमान कारखान्यांमुळे लेथकाम व वितळजोडकाम जाणणारे हजारो लोक तेथे होते, हेही या प्रगतीचे एक कारण होय.

बॉनव्हिलची चाचणी : वेग वाढत गेल्यावर सरोवरांची लांबी अपुरी पडू लागली. १९४९ मध्ये संस्थेस यूटा राज्यातील बॉनव्हिल येथील विस्तीर्ण मिठाच्या मैदानावर पहिला ‘वेग सप्ताह’ भरविण्याची परवानगी मिळाली. सैन्यातून मुक्त झाल्यावर १९४६ मध्ये बरबँक येथे ‘सो-कॅल स्पीड शॉप’ हे सुट्या भागांचे दुकान काढणारे ॲलेक्स झिडियस यांची इंधनटाकीची मोटार येथे विशेष गाजली. १९५२ मध्ये त्यांनी एकाच कवचात आळीपाळीने तीन वेगवेगळ्या धारणांची एंजिने बसविली. सर्वांत लहान, मुळात ६० अश्वशक्तीच्या फोर्ड एंजिनावर आधारलेल्या एंजिनाने ताशी सु. २३३ किमी., तर मोठ्या मर्क्युरी एंजिनाने ताशी सु. ३१९ किमी. वेग मिळाला. आकार तोच ठेवून केवळ शक्ती बदलल्यास वेगात काय फरक पडतो, याचा हा जणू प्रत्यक्ष प्रयोगच होता.

सुरक्षितता व लोकमत : या प्रगतीची दुसरी बाजू दुःखद होती. टाकीचा पातळ पत्रा चालकाला कोणतेही संरक्षण देत नसे. त्याचे पाय पुढच्या आसाजवळ, तर पाठ तप्त एंजिनापाशी असे. वाळवंटापेक्षाही शहरातील रस्त्यांवर रात्री लागणाऱ्या शर्यती अधिक घातक ठरल्या. वृत्तपत्रे, पोलीस व कायदेमंडळाचे सदस्य ‘हॉट रॉड’ हा शब्द गुन्हेगार तरुणांसाठी वापरू लागले व या गाड्यांवर सरसकट बंदी घालण्याची मागणी पुढे आली. तिला उत्तर देण्यासाठी संघटनेने जानेवारी १९४८ मध्ये लॉस अँजेल्स येथे गाड्यांचे प्रदर्शन भरविले. त्याच महिन्यात रॉबर्ट पीटर्सन यांनी हॉट रॉड हे मासिक सुरू केले. १९५० मध्ये सांता ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती होऊ लागल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. शिरस्त्राण, आसनपट्टा, गाडी उलटल्यास डोके वाचविणारी पोलादी कमान व धावेपूर्वीची तपासणी हे नियम या संघटनांनी हळूहळू सक्तीचे केले. बाहेरून लादलेल्या कायद्यापेक्षा गाड्या बांधणाऱ्यांनी आपापसांत मान्य केलेली शिस्त येथे अधिक परिणामकारक ठरली. मात्र यांतील बरेचसे नियम कोणाच्या तरी मृत्यूनंतर झालेले आहेत, हे विसरून चालणार नाही.

अन्यत्र झालेले प्रयत्न व परिणाम : युद्धोत्तर टंचाईच्या काळात ब्रिटनमध्येही याच तऱ्हेचा प्रयत्न झाला. १९४६ मध्ये जॉन कूपर व एरिक ब्रँडन यांनी फियाट टोपोलिनो या लहान गाडीचे पुढील भाग दोन्ही टोकांना वापरून आणि मागे मोटारसायकलीचे ५०० घ. सेंमी. धारणेचे एंजिन बसवून एकआसनी शर्यतगाडी बनविली. साखळीने चाके फिरविण्याच्या सोयीसाठी एंजिन मागे ठेवले गेले. हीच मांडणी विकसित होऊन कूपर गाडीतून जॅक ब्रॅबम यांनी १९५९ व १९६० ची जागतिक अजिंक्यपदे मिळविली आणि पुढे एंजिन असणाऱ्या शर्यतगाड्यांचे युग संपले.

अमेरिकेत मिकी टॉम्पसन यांनी चार पाँटिॲक एंजिने जोडून तयार केलेल्या ‘चॅलेंजर १’ या एकआसनी गाडीने ९ सप्टेंबर १९६० रोजी बॉनव्हिल येथे ताशी ४०६·६ मैल (सु. ६५४ किमी.) वेग गाठला. परतीची धाव यांत्रिक बिघाडामुळे पूर्ण न झाल्याने जॉन कॉब यांचा १९४७ चा जागतिक विक्रम अधिकृतपणे अबाधित राहिला. तथापि कॉब यांच्या गाडीत विमानांची दोन खास एंजिने होती, तर टॉम्पसन यांनी बाजारातील मोटारींची एंजिने वापरली होती, हा भेद महत्त्वाचा आहे. १९६५ मध्ये समर्स बंधूंच्या ‘गोल्डनरॉड’ने ताशी ४०९·२७७ मैल वेगाचा अधिकृत विक्रम केला.

१९५५ मध्ये शेव्हरोलेचे हलके व शक्तिमान व्ही-आठ एंजिन आल्यावर जुन्या फोर्ड एंजिनाचे महत्त्व ओसरले. गॅरेजमध्ये हाताने बनविलेले भाग दुकानांत मिळू लागले आणि छंदाचे उद्योगात रूपांतर झाले. युद्धकालीन इंधनटाक्या दुर्मिळ होऊन त्यांना संग्राह्य वस्तूंची किंमत आली. १९९७ मध्ये पेबल बीच येथील प्रतिष्ठित मोटार प्रदर्शनात हॉट रॉडना स्वतंत्र वर्ग मिळाला. एल मिराजवरील चाचण्या अद्याप चालू असल्या, तरी बॉनव्हिल येथील मिठाचा थर पातळ होत चालला असून मैदानाच्या खराब अवस्थेमुळे २०१४ व २०१५ मधील वेग सप्ताह रद्द करावे लागले.

एकआसनी हॉट रॉडचे ऐतिहासिक महत्त्व तिने गाठलेल्या वेगापुरते मर्यादित नाही. मोटारीच्या रचनेचे ज्ञान कारखान्यांच्या आरेखन विभागाबाहेर, सामान्य कारागिराच्या हाती येऊ शकते, हे तिने सिद्ध केले. भंगारातील प्रत्येक भाग खोलून पाहिल्याखेरीज, मोजल्याखेरीज व त्याच्या दोषाचे कारण शोधल्याखेरीज तो पुन्हा वापरता येत नसे. या सक्तीच्या अभ्यासातूनच तिचे अभियांत्रिकी घडले.