विद्यार्थ्यांचा सल्ला आणि व्यापाऱ्याची पेढी

धंदा पेढीवर शिकावा कीं वर्गांत, हा वाद जुनाच आहे. पेढीवर घडलेला माणूस पदवीधराच्या पुस्तकी ज्ञानास हसतो; पदवीधर त्याच्या ठोकताळ्यांकडे पाहून नाक मुरडतो. या दोघांना एका मेजाशीं बसविण्याचा उद्योग अमेरिकेंत शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. त्याची हकीकत श्रोत्यांस ऐकण्याजोगी वाटेल.

हार्वर्ड विद्यापीठानें १९०८ सालीं पदवीधरांकरितां व्यापारशिक्षणाची शाळा उघडली. तिचे पहिले अधिष्ठाते एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे पंडित होते. कायदा शिकविण्यास निवाडे असतात, वैद्यक शिकविण्यास रुग्णालय असतें. व्यापार शिकविण्यास काय आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. त्याचें एक उत्तर आर्च शॉ या शिकागोच्या प्रकाशकाकडून मिळालें. शॉ हे ‘सिस्टिम’ नांवाचें व्यापारविषयक मासिक चालवीत. १९११ सालीं त्यांच्या साह्यानें ‘व्यापारी धोरण’ हा वर्ग सुरू झाला. एखादा कारखानदार वर्गांत येई आणि त्या घटकेस ज्या अडचणीनें त्याची झोप उडाली असेल ती मुलांपुढें मांडी. मुलांनीं प्रश्न विचारावे, दोन दिवसांनीं प्रत्येकानें आपलें निदान व उपाय लिहून द्यावा, आणि तिसऱ्या खेपेस त्या गृहस्थानें स्वतः येऊन त्या कागदांची चिरफाड करावी, असा क्रम असे. ही गोष्ट लहान दिसते, पण शिक्षणाच्या दृष्टीनें ती फार मोठी होती. गुण देणारा मास्तर एकवेळ सुंदर भाषेस भुलतो. ज्याचा पैसा अडकला आहे तो भुलत नाहीं.

पुढें १९१९ सालीं वॉलेस डोनहॅम अधिष्ठाते झाले, आणि त्यांच्या अमदानींत लिहून ठेवलेल्या प्रकरणांवर वर्गांत चर्चा करण्याची पद्धति रूढ झाली. ती सोयीची होती आणि जगभर पसरली. मात्र कागदावरील प्रकरणांतला व्यापारी वर्गांत हजर नसे. सल्ला चुकला तरी कोणाचें दिवाळें वाजत नसे.

ही उणीव ज्यास विशेष बोचली तो गृहस्थ फ्रेंच होता. जॉर्ज डोरिओ यांचा जन्म १८९९ सालीं पॅरिसमध्यें झाला. त्यांचे वडील मोटारीच्या आरंभीच्या काळांतील यंत्रज्ञ. पहिल्या महायुद्धांत फ्रेंच सैन्यांत नोकरी करून डोरिओ १९२१ सालीं अमेरिकेस आले, हार्वर्डच्या व्यापारशाळेंत वर्षभर राहिले, तेथील पदवी न घेतांच बाहेर पडले, आणि कांहीं वर्षांनीं त्याच शाळेंत अध्यापक म्हणून परतले. ज्या परीक्षेस ते स्वतः बसले नाहींत, तिच्यासाठीं त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें मुलांना तयार केलें!

त्यांच्या वर्गाचें नांव ‘मॅन्युफॅक्चरिंग’, परंतु त्यांत कारखान्यापासून स्वभावापर्यंत सर्व कांहीं येई. तासाला बोलत ते एकटेच. मध्यें कोणी प्रश्न केलेला त्यांस खपत नसे. वर्गाबाहेर मात्र ते मुलांना मोकळें सोडीत. मुलांचे गट पडत. गटानें एखाद्या चालू कंपनीचें काम पाहून, तिचे दोष हुडकून अहवाल लिहावयाचा. याशिवाय दुसरा अहवाल अशा विषयावर लिहावा लागे, कीं ज्याचें महत्त्व पुढें येणाऱ्या काळांत वाढेल. गट म्हटला कीं त्यांत एक कामसू, एक बोलका आणि एक कामचुकार असावयाचाच. पण दुकान काढलें तरी भागीदार याहून वेगळे थोडेच मिळतात? १९६६ सालीं निवृत्त होईपर्यंत सुमारें ७,००० विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले.

डोरिओ केवळ बोलघेवडे नव्हते. दुसऱ्या महायुद्धांत ते अमेरिकन सैन्यांत ब्रिगेडियर जनरल झाले आणि शिपायांचे बूट, थंडीचे कपडे व शिधा यांच्या सुधारणेचें काम त्यांच्याकडे होतें. १९४६ सालीं बोस्टनमध्यें नव्या धंद्यांना भांडवल पुरविणारी कंपनी निघाली, तिचे ते अध्यक्ष झाले. याच कंपनीनें १९५७ सालीं दोन तरुण इंजिनियरांच्या ‘डिजिटल’ या संगणक कंपनींत ७०,००० डॉलर घातले, आणि पुढें त्याचे कोट्यवधि झाले. नव्या धंद्यास पैशाइतकाच सल्लाही लागतो, हें त्यांनीं वर्गांत सांगितलें आणि बाजारांत करून दाखविलें.

दरम्यान फेब्रुवारी १९४७ मध्यें हार्वर्डलाच मायल्स मेस यांनीं नवा धंदा काढण्यावरचा स्वतंत्र वर्ग सुरू केला. युद्धावरून परतलेल्या तरुणांना नोकरीपेक्षां स्वतःचें कांहीं काढण्याची ओढ होती. पहिल्याच खेपेस १८८ विद्यार्थी आले.

आतांपर्यंत सल्ला घेणारा बहुधा सुस्थितींतला असे. मुलांचें ऐकावें कीं केराच्या टोपलींत टाकावें, हें त्याच्या मर्जीवर होतें. १९७२ सालीं मात्र चित्र पालटलें. छोट्या धंद्यांना मदत करण्यासाठीं १९५३ सालीं स्थापन झालेल्या सरकारी खात्यानें महाविद्यालयांशीं करार करून विद्यार्थ्यांचे गट लहान दुकानदारांकडे व कारागिरांकडे पाठविण्यास आरंभ केला. हिशेब, जाहिरात, मालाचा साठा, जें अडलें असेल तें प्राध्यापकाच्या देखरेखीखालीं मुलांनीं पाहावें. महाविद्यालयास सरकार मेहनताना देई. पुढें शेंकडों महाविद्यालयें त्यांत आलीं.

येथें खरी अडचण उभी राहिली. सहामाही संपली कीं विद्यार्थी मोकळा. दुकानदारास मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं फळ्या काढाव्याच लागतात. ज्या मनुष्याचें भांडवल म्हणजे त्याची सारी जन्माची पुंजी, त्यास विशीपंचविशीच्या मुलानें दर वाढवावयास सांगणें हें धाडसाचें काम आहे. शिवाय दुकानाच्या वह्या परक्यासमोर उघडणें ही लाजेची गोष्ट. ती केल्यावर गुप्तता राखणें हें गटाचें पहिलें कर्तव्य. चांगले प्राध्यापक म्हणून आधीं मुलांना दुकानांत बसून पाहावयास लावीत आणि सल्ला शेवटीं द्यावयास सांगत. जेथें ही शिस्त सैल पडली तेथें जाडजूड अहवाल तयार झाले, आणि ते वाचण्यास दुकानदारास फुरसत मिळाली नाहीं.

१९९० नंतरच्या दशकांत सरकारनें या कामाचा पैसा बंद केला. तरीहि अनेक महाविद्यालयांनीं तें स्वखर्चानें चालू ठेवलें, आणि कांहीं ठिकाणीं दुकानदारांकडूनच अल्प फी घेण्याची प्रथा पडली.