तळपदे यांच्या विमानाचें पतन : पुराव्याची छाननी

शिवकर बापूजी तळपदे (जन्म इ. स. १८६४) हे मुंबईचे संस्कृतज्ञ गृहस्थ. त्यांनीं इ. स. १८९५ मध्यें गिरगांव चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें मनुष्यरहित विमान उडविलें, तें सुमारें १,५०० फूट चढलें व खालीं कोसळलें, अशी कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तिचा पूर्वार्ध, म्हणजे उड्डाण, अभिमानानें सांगितला जातो. उत्तरार्धाची चौकशी सहसा होत नाहीं. वस्तुतः शोधाचा धागा तेथेंच आहे. उड्डाणाची खूण आकाशांत राहत नाहीं. आदळलेलें यंत्र मात्र मोडतोड मागें ठेवितें.

तुलनेसाठीं दोन उदाहरणें घेऊं. ता. ६ मे १८९६ रोजीं अमेरिकेंत लँग्ली यांचें मनुष्यरहित वाफेचें यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारें ३,३०० फूट गेलें, आणि इतकें अलगद पाण्यावर उतरलें कीं, त्याच दिवशीं तें पुन्हां उडवितां आलें. अलेक्झांडर ग्राहम बेल यांनीं त्याचें छायाचित्र घेतलें. ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें चौथें उड्डाण ५९ सेकंदांत ८५२ फूट झालें. उतरतांना यंत्र आदळून पुढील सुकाणूचा सांगाडा मोडला. ऑर्व्हिल यांनीं ती मोडतोड रोजनिशींत नमूद केली.

आतां आपल्या कथेकडे वळूं. १,५०० फूट ही उंची कोणी व कोणत्या साधनानें मोजिली? इतक्या उंचीवरून सरळ पडलेल्या वस्तूचा वेग, हवेचा रोध वगळल्यास, सेकंदास सुमारें ३१० फूट होतो. असें यंत्र गर्दीच्या चौपाटीवर पडलें, तर त्याचे तुकडे, पाहणाऱ्यांच्या जबान्या, निदान खर्चाचीं टिपणें असावयास हवींत.

'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ येथें पुरावा म्हणून चालणार नाहीं. सुब्बराय शास्त्री यांनीं तो इ. स. १९१८ ते १९२३ च्या दरम्यान सांगितला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं इ. स. १९७४ मध्यें तो इ. स. १९०४ पूर्वींचा नसल्याचें व त्यांतील विमानें उडण्यास अक्षम असल्याचें दाखविलें. मागाहून झालेला ग्रंथ आधींच्या घटनेस साक्षी कसा होईल?

मात्र तळपदे यांनीं कांहींच प्रयोग केला नाहीं, असें म्हणणेंही तितकेंच उतावळेपणाचें होय. 'वर्तमानपत्रांत आलें होतें' हें विधान मात्र पुरेसें नाहीं. अंक, तारीख व मूळ मजकूर हवा. कोडोली-पन्हाळ्याच्या टापूंतील जुन्या वाड्यांत, किंवा अन्यत्र, ज्यांच्या दप्तरांत इ. स. १८९५ चे अंक अथवा मुंबईहून आलेलीं खासगी पत्रें असतील, त्यांनीं तीं एकवार उलटून पाहावींत. एका समकालीन ओळीचें मोल शंभर पुनरुक्तींहून अधिक आहे.