सिगारेट असो वा व्हेप, लिव्हरला दोन्ही सारखंच : निकोटिनचं शरीरात नेमकं काय होतं?

निपाणी, चिकोडी भागात तंबाखू हे पीकही आहे आणि अनेकांच्या पोटापाण्याचा धंदाही. त्यामुळे तंबाखूबद्दल इकडच्या लोकांना नव्यानं सांगण्यासारखं फार काही नाही. पण हल्ली तरुण मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मी सिगारेट ओढत नाही, व्हेप करतो. त्यात तंबाखू नसते." तंबाखू नसते हे खरं. पण बहुतेक व्हेपच्या लिक्विडमध्ये निकोटिन असतं, आणि आत गेल्यावर शरीर त्याचा निपटारा एकाच पद्धतीनं करतं.

आत कसं जातं?

एका सिगारेटमध्ये साधारण १० ते १५ मिलिग्रॅम निकोटिन असतं. त्यातलं ओढणाऱ्याच्या शरीरात जातं जेमतेम १ ते दीड मिलिग्रॅम. धूर फुप्फुसात पोचला की निकोटिन लगेच रक्तात उतरतं आणि १० ते २० सेकंदांत मेंदू गाठतं. सवय लागते ती याच वेगामुळे.

तंबाखू मळताना चुना का लावतात, याचंही उत्तर इथंच आहे. चुन्यामुळे तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज शोषलं जातं. तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्या मजुरांना कधी कधी मळमळ, चक्कर, उलटी होते, तेही निकोटिन कातडीतून आत गेल्यामुळे.

सुरुवातीच्या ई-सिगारेटमधून निकोटिन हळू मिळायचं. नंतर आलेल्या पॉड प्रकारात निकोटिनमध्ये आम्ल मिसळून त्याचं 'सॉल्ट' करतात. त्यामुळे घसा जळजळत नाही, झुरका खोल जातो आणि रक्तातलं निकोटिन जवळपास सिगारेटइतक्या वेगानं वाढू शकतं. घशाला त्रास नाही म्हणून किती ओढलं याचा अंदाजही राहत नाही.

लिव्हरमधलं काम

निकोटिन रक्तात फार वेळ टिकत नाही. साधारण दोन तासांत त्याचं प्रमाण निम्मं होतं. हे काम मुख्यतः लिव्हर करतं. तिथलं 'सीवायपी २ए६' नावाचं एन्झाइम ७० ते ८० टक्के निकोटिनचं कोटिनीन बनवतं. कोटिनीनचं प्रमाण निम्मं व्हायला मात्र सुमारे १६ तास लागतात. पुढे त्याचंही रूपांतर होऊन ते लघवीवाटे बाहेर पडतं. थोडं निकोटिन आहे तसंच लघवीतून जातं.

प्रत्येकाचा वेग वेगळा

हे एन्झाइम काहींचं जोरात चालतं, काहींचं संथ. ते बरंचसं आनुवंशिक असतं. सरासरी पाहिली तर बायकांमध्ये पुरुषांपेक्षा वेग जास्त असतो, आणि गरोदरपणात तो आणखी वाढतो. ज्याचं निकोटिन लवकर संपतं, त्याला पुढची सिगारेट लवकर हवीशी वाटते. अशा माणसाला सोडणंही जड जातं आणि नुसत्या निकोटिन पॅचचा गुण कमी येतो. त्यामुळे "त्यानं सोडली, तुला का जमत नाही?" असं घरच्यांनी सुनावण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा.

मग फरक कुठं आहे?

फरक आहे तो धुरात. तंबाखू जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सरकारक रसायनं मोठ्या प्रमाणात तयार होतात. फक्त व्हेप करणाऱ्यांच्या शरीरात ती बरीच कमी सापडतात. पण निकोटिनची सवय, नाडीचा वाढलेला वेग आणि रक्तदाब तिथंही असतोच. दोन्ही ओढणाऱ्याच्या शरीरात तर धुरातली रसायनं जातातच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. धुरामुळे लिव्हरमधलं दुसरं एक एन्झाइम जास्त जोरानं काम करतं, आणि त्यामुळे चहा-कॉफीतलं कॅफिन, दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारातलं क्लोझापिन ही लवकर बाहेर टाकली जातात. धूर थांबला की ती शरीरात जास्त वेळ राहतात. म्हणजे सिगारेट सोडली किंवा व्हेपवर गेलं तरी औषधाचा डोस जास्त होऊ शकतो. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

विम्याची मेडिकल

विमा कंपन्या 'स्मोकर आहे का' हे तपासायला बऱ्याचदा कोटिनीनचीच टेस्ट करतात. ते काही दिवस लघवीत सापडतं, जास्त ओढणाऱ्यात आठवडाभरही. सिगारेट, व्हेप, गुटखा, निकोटिनची च्युइंगगम, यातलं काय घेतलं हे ती टेस्ट सांगत नाही. म्हणून फॉर्ममध्ये खरं लिहावं. चार रुपये प्रीमियम वाचवायला जाऊन उद्या बायकापोरांचा क्लेम अडकायला नको.

सोडायचं असेल तर

दोन-तीन दिवसांत निकोटिन शरीरातून जवळजवळ निघून जातं, आणि नेमका तेव्हाच त्रास सर्वांत जास्त होतो. चिडचिड, झोप न येणं, सारखी भूक. पुढच्या काही आठवड्यांत हे कमी होत जातं. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६.

शेवटी कायद्याचं. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं २०१९च्या केंद्रीय कायद्यानं बंद आहे. बेळगाव असो, कोल्हापूर असो की पणजी, सीमा ओलांडली म्हणून हा कायदा बदलत नाही.