सुखोथाईचा शिलालेख ते मुनोचा बाजार : थायलंडच्या आतषबाजीचा इतिहास

२९ जुलै २०२३. भारतात त्या दिवशी आशुरा होता. आपल्याकडे ताबुतांच्या मिरवणुका निघाल्या होत्या, नाक्यानाक्यावर सरबताच्या सबीली लागल्या होत्या. त्याच दुपारी थायलंडच्या दक्षिण टोकाला, नराथिवात प्रांतातल्या मुनो या बाजारपेठेच्या गावात फटाक्यांचं एक गोदाम फुटलं. बारा माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली आणि दोनशेहून जास्त घरांची पडझड झाली. गोदामात वेल्डिंगचं काम चालू होतं, त्याची ठिणगी साठ्यावर पडली असावी, असा प्राथमिक अंदाज अधिकाऱ्यांनी वर्तवला.

मुनो मलेशियाच्या सीमेलगत आहे. इथली वस्ती बहुतांश मलय भाषा बोलणाऱ्या मुसलमानांची. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत या बातमीला फार तर चार ओळी मिळाल्या असतील. मला मात्र एका प्रश्नाने पछाडलं. बौद्धबहुल देशात, मुसलमानांच्या गावात, भर वस्तीत इतकी दारू कुणासाठी साठवली होती? उत्तर शोधताना मागे मागे जावं लागलं.

दारू म्हणजे औषध

सुरुवात शब्दापासून करू. बंदुकीच्या आणि फटाक्याच्या दारूला चिनी भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘आगीचं औषध’ असा होतो. चीनमधले किमयागार दीर्घायुष्याचं औषध शोधत होते आणि त्यांच्या हाती सोरा, गंधक व कोळशाचं हे मिश्रण लागलं. हे ज्ञान पश्चिमेकडे गेलं तेव्हा अरबांनी सोऱ्याला ‘चीनचा बर्फ’ म्हटलं, इराण्यांनी ‘चिनी मीठ’ म्हटलं. तेराव्या शतकात सीरियातल्या हसन अल-रम्माहने युद्धकलेवरच्या ग्रंथात दारूच्या शंभराहून अधिक कृती लिहून ठेवल्या. अरबीत या मिश्रणाला ‘दवा’ म्हणत. फारसीत औषधाला ‘दारू’ म्हणतात. तोच शब्द मराठीत आला आणि ‘दारूगोळा’, ‘शोभेची दारू’ झाला. ‘आतषबाजी’ हाही फारसीच, म्हणजे आगीचा खेळ.

थाई लोकांनी मात्र आपला शब्द घडवला. ते आतषबाजीला ‘दोक माय फाय’ म्हणतात, म्हणजे आगीची फुलं. आकाशात फुटणारा गोळा ‘फ्लू’, फटाक्यांची माळ ‘प्रथात’ आणि बांबूचा अग्निबाण ‘बांग फाय’.

शिलालेखातला आगीचा खेळ

सुखोथाई ही थाई लोकांची जुनी राजधानी. तिथला राजा रामखामहेंगचा १२९२ सालचा मानला जाणारा शिलालेख प्रसिद्ध आहे. वर्षावास संपल्यावर भिक्षूंना चीवर देण्याचा सोहळा होतो, तेव्हा राजाचं दीप लावणं आणि आगीशी खेळणं पाहायला चारही वेशींतून लोक लोटतात, असं वर्णन त्यात येतं. आज सुखोथाईत लोय क्राथोंगचा सरकारी महोत्सव याच शब्दांच्या नावाने भरतो. बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला लोक नदीत दिवे सोडतात आणि वर फटाके उडतात.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडं थांबलं पाहिजे. हा शिलालेख १८३३ मध्ये राजपुत्र मोंगकुटला सापडला. पुढे तो राजा झाला. लेख खरोखर तेराव्या शतकातला आहे की एकोणिसाव्या, यावर काही अभ्यासकांनी शंका घेतली, मोठा वाद झाला. ‘आगीशी खेळणं’ म्हणजे दारूकामच की नुसत्या मशाली, हेही त्या दोन शब्दांवरून ठरत नाही. पण सणांच्या बाजारात असल्या शंकांना गिऱ्हाईक नसतं. ‘आमची सातशे वर्षांची परंपरा’ एवढं म्हटलं की विषय संपतो. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं?

अयुथ्यातले मुसलमान

सतराव्या शतकातल्या अयुथ्याबद्दल मात्र पुरावे भरपूर आहेत. सोरा हा सयामच्या राजाच्या मक्तेदारीतला माल होता. या भागात गुहांमधल्या वटवाघुळांच्या विष्ठेपासून सोरा काढत. चिनी, पोर्तुगीज, डच, जपानी, इराणी असे सगळेच या शहरात वस्ती करून होते. इराणातल्या कोमहून आलेला शेख अहमद राजदरबारात वर चढला. ‘चुलाराजमोंत्री’ हे पद त्याच्यापासून सुरू झालं असं मानतात. आजही थायलंडच्या मुसलमानांचा सर्वोच्च धार्मिक प्रमुख याच पदनामाने ओळखला जातो.

१६८५ मध्ये फ्रेंच वकिलातीसोबत आलेला गी ताशार हा जेझुइट पाद्री तिथल्या मुसलमानांच्या मोहर्रमची नोंद करतो. आठ दिवसांची रोषणाई आणि मोठी मिरवणूक त्याने लिहून ठेवली आहे. त्याच सुमारास इराणच्या शाह सुलेमानचे वकील सयामला गेले. त्यांच्या चिटणीसाने लिहिलेल्या ‘सफिना-ए-सुलेमानी’त राजा नारायच्या दरबाराचं वर्णन आहे, आणि इराण्यांच्या मोहर्रमला राजाकडून मदत मिळे, हेही कळतं. बौद्ध राजा ताबुतांना साहाय्य करतो, हे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला नवल वाटू नये. आपल्याकडेही हिंदू राजे-सरदारांनी ताबूत बसवले, पंजांना नवस बोलले.

नवस, पाऊस आणि अंत्यविधी

थाई आतषबाजी केवळ करमणूक नाही, हे लक्षात घेतलं नाही तर तिथला बाजार कळत नाही. ईशान्येच्या इसान भागात मे महिन्याच्या आसपास, पेरणीच्या तोंडावर ‘बुन बांग फाय’ भरतो. पावसाची देवता फया थेनला आठवण करून द्यायला गावोगाव बाण सोडतात. पूर्वी बांबूत दारू ठासत, आता प्लॅस्टिकचे पाइप आलेत. बाणांच्या नावातच आकडे आहेत. ‘म्युन’ म्हणजे दहा हजार, त्यात बारा किलो दारू. ‘सेन’ म्हणजे लाख, त्यात एकशे वीस किलो. यासोथोन शहरात १९९९ मध्ये असाच एकशे वीस किलोचा बाण उडताच फुटला आणि माणसं मेली. सण पुढच्या वर्षी पुन्हा भरला.

राजघराण्याच्या दहनविधीत आतषबाजी हा सोहळ्याचा भाग असे. गावाकडच्या अंत्यविधीतही गोळे उडवतात. मग नवस आहेतच. नाखोन सी थम्मरातमधल्या ‘आय खाय’ या बालदेवतेच्या मंदिरात लॉटरी लागली की लोक फटाक्यांच्या लांबलचक माळा घेऊन येतात. अंगणात लाल कागदांचे ढीग साचतात. चिनी नववर्षाला बँकॉकच्या याओवारातमध्ये माळा फुटतात त्या वेगळ्याच.

आणि ईद? मलय मुसलमानांच्या गावांत रमजानच्या शेवटच्या रात्रींत पोरं फटाके उडवतात, बांबूच्या तोफा वाजवतात. उलेमा याला इसराफ, म्हणजे उधळपट्टी म्हणतात. आमच्याकडे शब-ए-बरातच्या आतषबाजीविरुद्ध दर वर्षी मशिदीतून हेच बयान होतं आणि गल्लीतली पोरं दर वर्षी तितक्याच निष्ठेने ते विसरतात.

नदीच्या अलीकडे, पलीकडे

आता पुन्हा मुनोकडे. पतानी ही एकेकाळी मलय सल्तनत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सयामने ती जिंकली. १९०९ मध्ये ब्रिटिश आणि सयाम यांच्यात तह झाला आणि सीमा ठरली. एकाच भाषेचे, एकाच मजहबचे, परस्परांत सोयरीक असलेले लोक कोलोक नदीच्या दोन काठांवर दोन देशांचे झाले.

सीमा आली की किमतीतला फरक येतो आणि कायद्यातलाही. मलेशियात फटाक्यांवर दीर्घकाळ कडक बंधनं राहिली. थायलंडात परवाना घेऊन ते विकता येतात. त्यामुळे ईद जवळ आली की नदीच्या अलीकडचा माल पलीकडे चोरून नेण्याचे प्रकार वाढतात आणि केलांतानचे पोलीस फटाके पकडल्याच्या बातम्या देतात. मुनोसारख्या सीमेवरच्या बाजारात एवढा माल का येतो, हे या भूगोलातून उलगडतं.

थायलंडात कायदा नाही असं नाही. शस्त्रं, स्फोटकं आणि फटाके यांसाठी १९४७ चा कायदा आहे. बनवणं, आयात करणं, विकणं, सगळ्याला परवाना लागतो. त्यात हा प्रांत २००४ पासून बंडखोरीने पोळलेला. २००५ मध्ये इथे आणीबाणी लागली, काही तालुक्यांतून ती नंतर उठली. रस्त्यारस्त्यावर लष्करी नाके. मलय तरुणाची मोटरसायकल थांबवून डिकी उघडून पाहिली जाते. आणि त्याच मुलखात घरांच्या मधोमध दारूने भरलेलं गोदाम उभं राहतं. डिकी तपासणाऱ्या राज्याला गोदाम दिसत नाही, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. स्फोटानंतर चौकशी लागली, काही अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या.

सहा महिनेही उलटले नाहीत. १७ जानेवारी २०२४ रोजी, चिनी नववर्षाच्या तोंडावर, मध्य थायलंडच्या सुफान बुरीत फटाक्यांचा कारखाना उडाला. तेवीस कामगार मेले. याच कारखान्यात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्फोट होऊन एक जीव गेला होता. इथले मृत बौद्ध होते, मुनोत मुसलमान होते. दारूला मजहब कळत नाही, पण गरिबी बरोबर कळते. कारण वस्तीतलं गोदाम श्रीमंतांच्या वस्तीत कधी नसतं.

या दोन स्फोटांच्या मधल्या डिसेंबरमध्ये आपल्या पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवडेत केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. होरपळून मेलेल्यांत बहुतेक महिला कामगार होत्या.

फटाक्यांवरची आपली चर्चा नेहमी कुणाच्या सणावर बोट ठेवायचं इथेच अडकते. दिवाळी आली की एक बाजू, शब-ए-बरात आली की दुसरी. थायलंडचा इतिहास वाचल्यावर मला वाटतं, विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. माल कुठे साठवलाय, परवाना कुणी दिला, पाहणी शेवटची कधी झाली, आणि दारू भरणाऱ्या हाताला किती मजुरी मिळते? पुढच्या सणाला फटाक्यांची पेटी विकत घेताना दुकानदाराला यातला एखादा प्रश्न जरूर विचारा. आपल्या गल्लीत असं गोदाम असेल तर तो सगळ्यांत आधी, आणि लेखी, नगरपालिकेला विचारा.